दूधसागरला जायचे तर आदली रात्र पायथ्याशी काढावी

गोव्यात राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी दूधसागर धबधबा एकदा तरी पाहिलेला असतो, आणि तोही बहुधा घरी पाहुणे आले म्हणून. मुंबई-पुण्याचे नातेवाईक मे महिन्याच्या सुट्टीत येतात, दोन दिवस समुद्रावर जातात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी दूधसागरचे नाव काढते आणि आठ वाजता पणजीहून निघालेली मंडळी दहाच्या सुमारास कुळ्याला पोहोचून जीपच्या रांगेत उभी राहतात. त्यानंतर उन्हात वाट पाहणे, धक्के खात जंगलातून जाणे, धबधब्यावर जेमतेम दीड तास आणि संध्याकाळी पाठ धरलेल्या अवस्थेत घरी परतणे, एवढीच त्या सहलीची आठवण उरते. मी फोंड्यात राहतो, त्यामुळे अशी पाहुण्यांची वरात अनेकदा नेली आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या सहलीला किमान एक मुक्काम हवा. आदल्या दिवशी दुपारनंतर मोले किंवा कुळे गाठावे, सकाळी पहिल्या जीपमधून धबधबा करावा आणि उरलेला दिवस तांबडी सुर्ल्याला द्यावा. पुढचे सगळे मार्गदर्शन याच आखणीला धरून आहे.

महिना आधी, तारीख नंतर

दूधसागर नदी मांडवीच्या खोऱ्यातली. घाटमाथ्यावरून ती सुमारे ३१० मीटर खाली येते, तीही एका उडीत नव्हे तर चार टप्प्यांत, आणि मधल्या उंचीवर रेल्वेचा पूल तिला आडवा जातो. जून ते सप्टेंबर या काळात पाणी सर्वांत जास्त असते, पण नेमक्या त्याच काळात जीपचा रस्ता बंद असतो. याचे कारण साधे आहे. कुळ्याहून धबधब्याकडे जाणारी वाट जंगलातून जाताना नदीचे पात्र तीन ठिकाणी ओलांडते आणि त्या ठिकाणी पूल नाहीत, त्यामुळे पात्रात पाणी चढले की गाडी पलीकडे नेणे शक्यच नसते. पावसाळा संपल्यावर पाणी उतरते, वाहून गेलेला रस्ता दुरुस्त होतो आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास फेऱ्या सुरू होतात. ही तारीख दरवर्षी पावसावर ठरते, म्हणून रेल्वेची किंवा विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी फेऱ्या सुरू झाल्याची खात्री करून घ्यावी.

ऑक्टोबरमध्ये धबधबा अजून भरलेला असतो, परंतु परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि एखाद्या दिवशी फेऱ्या अचानक थांबवाव्या लागतात. दिवाळीच्या आदल्या रात्री तर गोव्यात गावोगावी नरकासुराचे पुतळे निघतात आणि रस्ते पहाटेपर्यंत अडलेले असतात, त्यामुळे त्या रात्री प्रवास ठेवूच नये. दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या पर्यटकांची गर्दी असते. नाताळ ते नववर्ष या आठवड्याबद्दल न बोललेलेच बरे. या सगळ्यातून वाट काढत माझी पसंती नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या दिवसांना असते, आणि त्यातही मंगळवार किंवा बुधवारला. पाणी पुरेसे असते, हवेत गारवा असतो, पायथ्याचा डोह शांत झालेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत धबधब्याची रुंदी आक्रसून कातळावरून ओघळणाऱ्या काही धारा उरतात. ज्यांना केवळ लहान मुलांना डोहात खेळवायचे आहे त्यांना ते चालेल, पण 'दुधाचा सागर' पाहायला आलेल्यांची निराशा होते. तलावात स्नान करणारी राजकन्या, झाडीआडून पाहणारा राजपुत्र आणि लाज राखण्यासाठी ओतलेला दुधाचा घडा ही नावामागची कथा प्रत्येक चालक सांगतोच, ती मे महिन्यात ऐकताना घड्यात दूध कमी होते की काय, असे वाटते.

मुक्काम कुठे करावा

मोले गाव पणजी-फोंडा-बेळगाव महामार्गावर, अनमोड घाटाच्या पायथ्याशी आहे, आणि कुळे तेथून पाच-सहा किलोमीटर आत, रेल्वेमार्गावर. स्वतःचे वाहन असेल तर मोले सोयीचे, रेल्वेने येत असाल तर कुळे. मोल्याला गोवा पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, शिवाय दोन्ही गावांत आणि साकोर्डा, तांबडी सुर्ल्याच्या वाटेवर खाजगी रिसॉर्ट व घरगुती मुक्कामाच्या सोयी आहेत. माझा कल कुळागरातल्या घराकडे असतो. सुपारीच्या उंच रांगा, त्यांवर चढलेली मिरवेल, मध्येच जायफळ, केळी आणि पायाशी पाटाचे वाहते पाणी, अशा बागेत संध्याकाळी नुसते बसून राहणे हाही या सहलीचा भागच आहे.

खोली ठरवताना फोनवर नेमके प्रश्न विचारावेत. जीप सुटण्याच्या ठिकाणापर्यंत अंतर किती, सकाळी साडेसहाला चहा-नाश्ता मिळेल का, रात्रीचे जेवण आधी सांगावे लागते का, वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का आणि नदीवर उतरायला वाट असेल तर तिथे कोणी माहितगार सोबत येतो का. 'धबधब्याच्या सान्निध्यात' या शब्दांवर विसंबू नये. एकदा आम्ही अशाच एका जाहिरातीला भुलून खोली घेतली. दूधसागर तिथून चौदा-पंधरा किलोमीटर दूर होता आणि सान्निध्यातला धबधबा म्हणजे जेवणघराच्या भिंतीवरून पंपाने सोडलेले पाणी होते. रात्री वीज गेली आणि धबधबाही गेला.

या परिसराभोवती भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे, मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. रात्री अंगणात मोठ्याने गाणी लावणे, टॉर्च घेऊन जंगलात शिरणे, शिल्लक अन्न उघड्यावर टाकणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. गवा रस्त्यावर दिसतो आणि तो दिसतो त्याहून चपळ असतो.

पोहोचण्याची वाट

पणजीहून फोंडा, खांडेपार, तिस्क-उसगाव, धारबांदोडा असे मोल्यापर्यंतचे अंतर सुमारे ५५ ते ६० किलोमीटर आहे. खनिज वाहतूक आणि घाटातले ट्रक लक्षात घेऊन पावणेदोन तास धरावेत. फोंड्याहून कुळ्याकडे बसगाड्या जातात, मात्र परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावी. दक्षिण गोव्यातून येणाऱ्यांसाठी रेल्वे उत्तम. मडगावहून चांदोर, सावर्डे-कुडचडे, काळे आणि मग कुळे असा हा प्रवास आहे. स्थानकाबाहेर पडले की जीपचे ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि परिसरातल्या लहान हॉटेलांत सकाळी पातळ भाजी आणि गरम उंडे (गोव्याचे गोल पाव) मिळतात. हा नाश्ता करूनच पुढे जावे, कारण अभयारण्यात शिरल्यावर खाण्याची सोय नाही आणि नसावी.

जीपची खिडकी

खाजगी गाड्यांना जंगलाच्या वाटेने जाऊ दिले जात नाही. जायचे ते नोंदणीकृत जीपमधूनच, आणि एका जीपमध्ये साधारण सात प्रवासी बसतात. तुम्ही चौघे असाल तर उरलेल्या तीन जागांवर इतर प्रवासी येतील किंवा संपूर्ण गाडीचे पैसे भरावे लागतील. काही हंगामांत आरक्षण ऑनलाइन झाले आहे, काहींत ते तिकीट खिडकीवरच होते. म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर स्वतः खिडकीपर्यंत जाऊन सध्याची पद्धत, दर आणि पहिली गाडी सुटण्याची वेळ विचारून यावी. आदल्या रात्री तिथे असण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. दिवसाला सोडायच्या गाड्यांवर मर्यादा असते, त्यामुळे गर्दीच्या दिवशी उशिरा आलेल्यांना कधीकधी नुसतेच परतावे लागते.

जीपच्या भाड्याव्यतिरिक्त वनखात्याचे प्रवेशशुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क आणि लाइफ जॅकेटचे भाडे असे वेगवेगळे पैसे द्यावे लागतात. रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण मोबाइलला रेंज असतेच असे नाही आणि रेंज नसेल तर यूपीआयही नाही. ओळखपत्राची प्रतही सोबत असू द्यावी. लाइफ जॅकेट घेताना ते तिथेच अंगावर चढवून पाहावे. पट्ट्यांचे चाप लागतात का, मुलांच्या मापाचे आहे का आणि खांद्याला धरून वर ओढल्यास हनुवटीच्या वर तर सरकत नाही ना, एवढे पाहायला एक मिनिट लागते. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटते, आणि मग ते असून नसल्यासारखेच.

बाहेरून एखादा मनुष्य गाडीच्या काचेवर टकटक करून 'खिडकी बंद आहे, मी दुसऱ्या वाटेने नेतो' असे सांगत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करून सरळ खिडकीकडे जावे.

जंगलातला तास आणि धबधब्यावरचा दीड तास

सुमारे बारा किलोमीटरच्या वाटेला पाऊण ते एक तास लागतो. पाठीचे दुखणे असलेल्यांनी मागच्या आडव्या बाकावर न बसता चालकाजवळची जागा मागून घ्यावी. गरोदर स्त्रियांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हा प्रवास करू नये. पात्र ओलांडताना चालक गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून एका लयीत पुढे काढतो. तेव्हा उभे राहून चित्रीकरण करण्याचा मोह आवरावा आणि पायाशी ठेवलेल्या पिशव्या मांडीवर घ्याव्यात, कारण ऑक्टोबरमध्ये पाणी गाडीच्या तळाशी येऊन जाते.

जीप थांबते तेथून पुढे दहा ते पंधरा मिनिटे मुळांवरून आणि दगडांवरून चालावे लागते. ज्येष्ठांनी हातात काठी घ्यावी. पायांत चप्पल नको, मागे पट्टा असलेले आणि रबरी तळव्याचे सँडल उत्तम. कोरड्या दगडावर पाऊल टाकणे आणि ओल्या काळसर दगडावर टाकणे यांत फार फरक आहे. शेवाळ हिरवे असते असा समज आहे, पण सर्वांत निसरडे असते ते काळपट, दगडाच्याच रंगाचे. त्यामुळे पूर्ण पाऊल सपाट टेकवून, आधी वजन न देता पाहून मग पुढे जावे.

चालक परतीची वेळ सांगतो. ती लिहून ठेवावी आणि गाडीचा क्रमांकही टिपून घ्यावा, कारण परत आल्यावर एकसारख्या पंचवीस गाड्यांत आपली ओळखणे कठीण जाते. मिळालेल्या वेळापैकी पहिली वीस मिनिटे पाण्यात न उतरता बसून काढावीत असे मी प्रत्येकाला सांगतो आणि कोणीही ऐकत नाही. पहिल्या फेरीत पोहोचलेल्यांना डोहाकाठी अजून फारशी माणसे नसतात. तेव्हा मान वर करून पाहिले की वरच्या टप्प्यावरून सुटलेले पाणी मधल्या कातळावर आपटून धूर व्हावा तसे पसरताना दिसते, आणि नशीब असेल तर त्याच धुरातून पुलावरची रेल्वे जाते. आधी दूरवर शिट्टी, मग इंजिन, मग एकेक डबा, आणि दारात उभे राहिलेले प्रवासी खालच्या लोकांना हात करतात. मालगाडी असेल तर हा खेळ बराच वेळ चालतो.

त्यानंतर डोह. पाणी थंड असते, म्हणून एकदम उडी न घेता घोटा, गुडघा, कंबर असे उतरावे. काठाजवळ मासे पावलांना टोचून जातात, मुलांना आधीच सांगून ठेवले तर ती घाबरत नाहीत. दोरी किंवा खूण लावून जी हद्द आखलेली असेल तिच्यापलीकडे जाऊ नये, पोहता येत असले तरीही. पाणी जिथे कोसळते तिथे खाली खेचणारा प्रवाह असतो, शिवाय वरून लहान दगडही येतात. माकडे मात्र काठावरच्या पिशव्यांवर टपलेली असतात. चेन लावलेली पिशवीही ती उघडतात, म्हणून एका माणसाने आळीपाळीने सामानापाशी बसावे आणि त्यांना काहीही खायला देऊ नये.

साबण, शाम्पू किंवा दारू नदीपाशी नेऊ नये, हे नियम म्हणून तर आहेच, पण आम्हा फोंडा-पणजीवाल्यांना त्याचे आणखी एक कारण आहे. हीच नदी पुढे खांडेपार होते, खांडेपारचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पात जाते आणि तिथून आमच्या नळांना येते.

पाणी वाढण्याची लक्षणे

गोव्यातल्या कोणत्याही वझरावर, मग तो दूधसागर असो, नेत्रावळीचा सावरी असो किंवा सत्तरी तालुक्यातला एखादा बिननावाचा व्हाळ (ओढा) असो, अपघाताचे कारण बहुधा एकच असते. आपण बसलो आहोत तिथे ऊन असते आणि पाऊस पडतो वर, घाटमाथ्यावर. ते पाणी उताराने वेगात खाली येते, आणि पात्र अरुंद असल्यामुळे काही मिनिटांत पातळी हात-दीड हात चढते.

म्हणून पाण्याकाठी बसताच एक खूण करावी. पाणी जिथे दगडाला स्पर्श करते तिथे, अगदी त्या रेषेवर, मुठीएवढा पांढरट दगड ठेवावा आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याकडे पाहावे. सत्तरीत एकदा आम्ही डबे उघडून बसलो असताना माझ्या मेहुण्याने ठेवलेला असा दगड निम्मा ओला दिसला. कोणाला काही वेगळे जाणवले नव्हते. आम्ही डबे झाकून वर येईपर्यंत दगड दिसेनासा झाला, आणि ज्या कातळावर सतरंजी अंथरली होती त्यावरून पाणी वाहू लागले. स्वच्छ पाणी गढूळ होणे, त्यात सुकी पाने आणि काटक्या एकदम वाढणे, आवाज जड होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सामानाचा विचार न करता आपण ज्या काठाने आलो त्याच काठाने वर चढावे. पलीकडच्या काठावर अडकलेल्या लोकांनी पाणी ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. पाणी उतरेपर्यंत उंचावर थांबावे, आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे, नद्या आणि पाणी साचलेल्या खाणींत उतरण्यावर बंदीचे आदेश काढतात, आणि अभयारण्यांतल्या धबधब्यांवर वनखाते प्रवेश नियंत्रित करते. जाण्यापूर्वी त्या आठवड्याचा आदेश स्थानिक वृत्तपत्रात पाहावा.

दुपारनंतर तांबडी सुर्ला

दुपारचे जेवण मोल्याला उरकून, थोडी विश्रांती घेऊन, साधारण तीनच्या सुमारास तांबडी सुर्ल्याकडे निघावे. अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे आणि रस्ता झाडीतून जातो. इथले महादेवाचे मंदिर कदंबकालीन आहे, बारा-तेराव्या शतकातले, काळ्या बेसाल्ट दगडात बांधलेले. गोव्यातली किनारपट्टीवरची जुनी देवळे पोर्तुगीज काळात पाडली गेली, हे मात्र घाटाच्या पायथ्याच्या दाट रानात राहिल्यामुळे वाचले. मंदिर लहान आहे, म्हणून लोक पाच मिनिटांत फोटो काढून परततात. तसे न करता सभामंडपात डोळे सरावेपर्यंत थांबावे आणि छतावरचे कोरीव कमळ पाहावे. बाहेर येऊन मागच्या बाजूने शिखराभोवती फिरावे. मागून नदी वाहते, तिच्या पायऱ्यांवर बसून अर्धा तास सहज जातो. पुढे तांबडी सुर्ल्याचा धबधबा आहे, पण तिथे जायचे तर वनखात्याची परवानगी घेऊन आणि माहितगार सोबत असल्यासच.

पावसाळ्यातच यायचे असेल तर

मग दूधसागर रेल्वेच्या खिडकीतून पाहावा. मडगाव किंवा कुळ्याहून लोंढ्याच्या दिशेने जाणारी दिवसाची गाडी पकडून कॅसल रॉक किंवा लोंढ्यापर्यंत जावे आणि परतीच्या गाडीने यावे. १८८०च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत बांधलेला हा रेल्वेघाट सदतीसला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर, अशा चढाचा आहे. त्यामुळे कुळ्यात गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, थांबा लांबतो आणि पुढे गाडी हळूहळू चढते, जे आपल्या पथ्यावरच पडते. बोगद्यांतून आतबाहेर होताना धबधबा आधी दूरवर, मग एकदम शेजारी येतो आणि उघड्या खिडकीतून तुषार आत येतात. मोबाइल खिडकीबाहेर धरू नये. दूधसागर किंवा सोनावळी स्थानकावर उतरून रुळांवरून चालत जाणे बेकायदा आहे, रेल्वे पोलीस त्यासाठी कारवाई करतात, आणि एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या रुळांवर किंवा बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर पावसाळ्यात साखळीजवळचे हरवळे उत्तम. पायऱ्या आहेत, शेजारी रुद्रेश्वराचे मंदिर आहे, जवळच कातळात कोरलेल्या लेण्या आहेत आणि गाडी अगदी जवळ जाते. पाण्यात उतरायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

सामान आणि परतीचा प्रवास

सामान कमी असावे. कपड्यांचा एक सुका जोड, पंचा, पाण्याची स्टीलची बाटली, मोबाइलसाठी जलरोधक पिशवी, पट्टीचे बँडेज आणि ओले कपडे ठेवायला एक जाड पिशवी पुरते. पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची लहान पुरचुंडी ठेवावी. जळू ओढून काढू नये, मीठ लावले की ती आपणहून सुटते. जानेवारीपासून मेपर्यंत जंगलात सुक्या पालापाचोळ्यावर बसू नये, लांब बाह्यांचे कपडे घालावेत, आणि मुक्कामी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे काखेत, कानामागे आणि गुडघ्यामागे पाहावे, कारण सत्तरी भागात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. घरी परतल्यावर आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे.

मोले सोडताना अंधार पडण्यापूर्वी निघावे. अनमोडकडून उतरणारे ट्रक आणि संध्याकाळी रस्ता ओलांडणारे गवे, दोन्ही वळणावर अचानक समोर येतात. गवा दिसला तर दिवे मंद करावेत, भोंगा वाजवू नये आणि संपूर्ण कळप पलीकडे जाईपर्यंत गाडी थांबवून ठेवावी. पहिला गेला म्हणून लगेच गाडी पुढे काढली की मागून येणारे वासरू चाकाशी येते.